बांधावरची रिंग

मुक्ताबाईनं बांधालगतची बारा फूट जमीन रस्त्याला सोडली आणि बदल्यात दिराचा जुना मोबाईल घेतला, ही बातमी धायरीत न्याहारीच्या आत घरोघर पोचली. पंपाच्या खोलीपाशी मेथीच्या जुड्या बांधायला बसलेल्या बाया एकमेकींकडं बघून हसत होत्या. कुसुमला मात्र हसू येईना. तिचं रान मुक्ताबाईच्या रानाला लागून. दोघींनी वीस वर्षं एकमेकींच्या वाफ्यात खुरपणी केलेली. ती तावातावानं ओला वाफा तुडवत आली.

"आगं मुक्ते, आंगठा दिलास?"

"दिला."

"आन दोन वर्सं त्या हिंदुरावाला दारात उभा करत नव्हतीस ती? 'माज्या मातीवरनं टरक जाऊ देनार न्हाय' म्हनून चावडीवर वरडत हुती ती कोन?"

"मीच."

"मग आत्ताच काय झालं?"

मुक्ताबाईनं मुठीतल्या मेथीची मुळं झटकली, माती उडवली, जुडी आवळली.

"फोन पायजे हुता."

"फोन! कुनाला लावनार? मेथीला?"

बाया खिदळल्या. मुक्ताबाईनं मान वर केली नाही. कुसुम पाय आपटत निघून गेली. एवढ्या वर्षांत मुक्तीनं आपल्यापासून काही लपवलं नव्हतं, आणि आज लपवलं, हे तिला बारा फुटांपेक्षा जास्त लागलं.

हिंदुराव म्हणजे मुक्ताबाईचा धाकटा दीर. मुक्ताबाईचा नवरा वारला त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं आपल्या वाट्याची जमीन एका बिल्डरला दिली. पण ती जमीन आतल्या अंगाला. मोठ्या रस्त्यावरनं तिथं जायचं तर मुक्ताबाईच्या रानातनं जायला हवं. बिल्डर खोळंबला आणि हिंदुरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. गावात पहिला मोबाईल त्याचाच. चौकात उभं राहून तो एवढ्या मोठ्यानं बोलायचा की पलीकडच्या माणसाला फोनाशिवायही ऐकू गेलं असतं. आता त्यानं नवा, बारका फोन घेतला होता. जुना, विटेएवढा, डोक्यावर काळा दांडा असलेला, घरात पडून होता.

तोच मुक्ताबाईनं मागितला. हिंदुरावाला आधी खरंच वाटेना.

"वैनी, चेष्टा करताय जनू."

"न्हाय भावजी. फोन द्या, चालू करून द्या. आन दर म्हैन्याला त्याचं कार्ड तुमी भरायचं. येवढं कबूल करा, मी आंगठा देते."

"कबूल! जलमभर भरतो!"

त्याच दिवशी तो कागद घेऊन आला.

हे सगळं मुक्ताबाईनं का केलं, ते गावाला ठाऊक नव्हतं. त्याचं कारण संक्रांतीला खडकीत घडलं होतं.

मुक्ताबाईची एकुलती एक लेक शकू खडकी बाजारामागच्या एका चाळीत दिलेली. जावई श्रीधर एका कंपनीत कारकून. दारू नाही, तंबाखू नाही, कपड्याला इस्त्री, बोलणं मऊ. लग्नात सगळी भावकी म्हणाली होती, पोरीनं नशीब काढलं. पण दिवाळीला शकू आली ती एका रात्रीपुरती. दंडावर हिरवंनिळं दिसलं. "मोरीत पडले," म्हणाली, आणि पदर ओढून घेतला.

संक्रांतीला मुक्ताबाई तीळगूळ आणि मेथीच्या चार जुड्या घेऊन खडकीला गेली. श्रीधर घरीच होता. "आई, बसा. आई, पाणी घ्या. प्रवासात त्रास नाही ना झाला?" असं करत तो मायलेकींच्या मधोमध खुर्ची टाकून बसला आणि तीन तास उठलाच नाही. शकू चहा ठेवायला गेली तर तो स्वयंपाकघराच्या दारात. शकूची चार वर्षांची छकुली आजीच्या मांडीवर बसली, तर "आजीला त्रास देऊ नकोस" म्हणून त्यानं तिला उचलून घेतलं. घरात फोन होता. मुक्ताबाई म्हणाली, कधी फोन करीत जा गं. तशी शकूनं कपाटाकडं पाहिलं आणि खाली मान घातली. कामावर जाताना श्रीधर फोन कपाटात ठेवून कुलूप लावत होता, हे मुक्ताबाईला नंतर कळलं.

सांगितलं ते शेजारच्या रझियानं. मुक्ताबाई जायला निघाली, तेव्हा नळावर घागर धरलेल्या रझियानं हळूच पिशवी धरून तिला थांबवलं.

"मावशी, मी हितंच राहते, भिंतीला भिंत. मला सगळं ऐकू येतं. तुमची शकू कुणाला सांगत नाही, मलाही सांगत नव्हती. तुमच्याकडं फोन आहे का?"

"गावात हाय की. पैसं घालून बोलायचा, दुकानात."

"तिथं नको. चार माणसं ऐकतात. माझ्या मालकांचा मंडप-लायटिंगचा धंदा आहे, ऑर्डरींसाठी मोबाईल घेतलाय. दुपारी एकला जेवायला येतात तेव्हा फोन घरात असतो. तुम्ही एक मोबाईल बघा. मी रोज एकला शकूला खिडकीतनं विचारीन. ठीक असली तर एकच रिंग देऊन बंद करीन. तुम्ही उचलायचा नाही, पैसे जातात दोघींचे. आणि रिंग वाजतच राहिली, थांबली नाही, तर समजायचं. तसंच निघून यायचं."

मुक्ताबाई बसमध्ये बसली तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं. एक रिंग म्हणजे ठीक. वाजत राहिली तर निघायचं. नाहीच वाजली तर काय, हे दोघींपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

फोन हातात आला, तशी ती खडकीला जाऊन नंबराची चिठ्ठी रझियाला नळावर देऊन आली. पण फोन घरात चालेना. हिंदुरावानं कांड्या बघायला शिकवल्या होत्या, पडद्याच्या कडेला एकावर एक उभ्या राहतात त्या. घरात एकही कांडी नाही. गोठ्यात नाही. मुक्ताबाई फोन हातात धरून सगळं रान फिरली आणि शेवटी बांधावरच्या पाण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर चढली, तशा दोन कांड्या उभ्या राहिल्या.

तेव्हापासून रोज साडेबारा झाले की ती हातातलं काम टाकून हौदावर जाऊन बसायची. वाफ्याला पाणी सोडून दारं धरलेलं असलं तर पाणी फुटू द्यायची. जुड्या बांधायच्या असल्या तर मेथीचा भारा कट्ट्यावर नेऊन तिथंच बांधायची. माघातलं ऊन पाठीवर चढत असायचं, खाली काळ्या मातीतनं ओल वर येत असायची, आणि ती विटेएवढ्या फोनकडं बघत बसायची. एकच्या सुमाराला तो एकदा ओरडायचा आणि गप्प व्हायचा. मग मुक्ताबाई उतरून भाकरी खायला जायची.

आधी लोक हसले. मग सवय झाली. "मुक्ताबाईचा भोंगा झाला, जेवाया चला," असं शेजारच्या रानातले गडी म्हणायला लागले. त्या एका रिंगवर तिचा पुढचा दिवस जायचा.

महिना असा गेला. बांधाच्या कडेनं जेसीबी आला. बारा फुटांतली मेथी, दोन शेवग्याची झाडं आणि जुना पाट त्यानं अर्ध्या दिवसात सपाट केला. मुक्ताबाई हौदावर बसून बघत होती. तेवढ्यात रिंग आली, आणि ती उतरली.

मग एका सोमवारी फोन वाजला नाही.

एक वाजला, दीड वाजला, दोन झाले. कांड्या दोन उभ्या होत्या. मुक्ताबाईनं फोन हलवला, पदरानं पुसला, कानाला लावला. ऊन कलेपर्यंत ती कट्ट्यावरच बसून राहिली. मनाशी म्हणाली, रझियाचा मालक आज जेवायला आला नसंल. लगीनसराई हाय.

मंगळवारी पण वाजला नाही. संध्याकाळी ती हिंदुरावाच्या दारात गेली. तो बिल्डरच्या माणसांबरोबर नकाशा बघत बसला होता.

"भावजी, फोन वाजंना. काय बिघाड झालाय का?"

हिंदुरावानं फोनकडं नुसतं पाहिलं. "टावरचं काम चाललंय वैनी. समद्यांचंच आसं हाय. हुईल दोन दिसांत."

"तुमचा तर चालू हाय."

"माज्या कंपनीचा टावर येगळा." आणि तो पुन्हा नकाशावर वाकला.

मुक्ताबाई परतली. तिला टॉवर कळत नव्हता, पण दीर कळत होता. तरी तिनं मनाची समजूत घातली, कारण दुसरं जे मनात येत होतं ते तिला येऊ द्यायचं नव्हतं. खडकीला जावं, तर श्रीधर म्हणेल, आई, अशा अचानक कशा? आणि त्याचा राग पोरीवर निघेल. न जावं, तर... रात्र अशी गेली. पहाटे मार्केट यार्डाला जाणाऱ्या टेम्पोत तिनं जुड्या चढवल्या, त्या मोजायचंही भान राहिलं नाही.

बुधवारी ती अकरालाच हौदावर जाऊन बसली. बाराच्या सुमाराला नव्या रस्त्यावरनं धुरळा उडवत एक स्कूटर आली. वर पांढऱ्या टोपीतला, दाढी राखलेला माणूस. त्यानं गड्यांना काहीतरी विचारलं, गड्यांनी हौदाकडं बोट दाखवलं.

"मुक्ताबाई मावशी तुम्हीच का?"

"व्हय."

"मी अकबर. रझियाचा मालक. मावशी, तुम्ही फोन का नाही घेत? माझी बायको तीन दिवस नुसती लावतेय."

मुक्ताबाईनं हातातला फोन पुढं केला. "वाजलाच न्हाय. हितनं हाल्ले न्हाय मी. वाजलाच न्हाय, दादा."

अकबरनं खिशातनं आपला फोन काढला आणि तिथंच उभं राहून तिचा नंबर लावला. दोघांच्या हातांत दोन फोन, मध्ये हातभर अंतर. मुक्ताबाईचा फोन मुकाट. अकबरच्या फोनातनं एका बाईचा गोड आवाज आला, हा क्रमांक सध्या सेवेत नाही.

"कार्ड संपलंय ह्याचं," अकबर म्हणाला. "कुणी भरायचं होतं?"

"माजी पोर कशी हाय?"

अकबरनं मान फिरवली. "जिवंत आहे. चला तुम्ही. बसा मागं."

अंगावरचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, पायात वहाण नाही, तशीच ती परक्या माणसाच्या स्कूटरवर बसली. चौकातली माणसं बघत राहिली. पानाच्या टपरीपाशी हिंदुराव उभा होता. तो "वैनी, कुटं?" म्हणाला. स्कूटर थांबली नाही.

वाटेत अकबर मागं न बघता सांगत होता, आणि वाऱ्यानं अर्धे शब्द उडत होते. शकूनं नंबर पाठ करायचा म्हणून एका चिठ्ठीवर लिहून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. रविवारी श्रीधरला ती सापडली. हा कुणाचा नंबर? शकू म्हणाली, आईचा. तो हसला. मेथी उपटणाऱ्या तुझ्या आईकडं मोबाईल? मग त्यानं कपाटातला फोन काढला आणि तिच्यासमोर तो नंबर लावला. हा क्रमांक सेवेत नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग फोन ठेवला आणि म्हणाला, आता खरं सांग, कोण आहे तो?

"खरंच सांगत होती ती," अकबर म्हणाला. "त्यानं हात पिरगळला. आम्ही दार वाजवलं तर म्हणतो, घरचा मामला आहे, तुम्ही पडू नका. तेव्हापासून कामावर जाताना बाहेरनं कुलूप. रझिया खिडकीतनं चहा-पाव देते. मी म्हटलं पोलिसात जातो, तर शकू म्हणते, नको, फक्त आईला बोलवा. आज सकाळी रझिया रडायला लागली. तुम्ही मेथीवाल्या आणि गाव धायरी, एवढंच तिला ठाऊक. तेवढ्यावर निघालो."

मुक्ताबाई ऐकत होती. आपण वाफ्यात उभ्या होतो, कट्ट्यावर बसलो होतो, मनाची समजूत घालत होतो, ते सगळे तास तिला एकेक करून दिसायला लागले.

चाळीत पोचली तर दाराला पितळी कुलूप. आतनं छकुलीचा आवाज येत होता. मुक्ताबाईनं रझियाकडं नुसता हात केला. रझियानं आतनं वरवंटा आणून दिला. चौथ्या घावाला कडी उखडली. चाळीतल्या बाया एकेक करत दारात येऊन उभ्या राहिल्या, पण कुणी अडवलं नाही.

शकू भिंतीला टेकून बसली होती. डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, कोपरापाशी सुजून भोपळ्यासारखा. आईला बघून ती रडली नाही. फक्त म्हणाली, "आये, तुजा फोन बंद हुता गं."

"व्हय माजे बाई," मुक्ताबाई म्हणाली, आणि तिथंच खाली बसून तिनं लेकीचे पाय धरले.

हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टर रागावले, तीन दिवस काय करत होता म्हणाले. चौकीवर हवालदारानं काहीतरी लिहून घेतलं आणि सांगितलं, नवरा-बायकोचं आहे, बघा मिटतं का. अंधार पडायच्या आत मुक्ताबाई लेकीला आणि नातीला घेऊन धायरीला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हिंदुरावाकडं गेली. त्याला सगळं कळलेलं होतं. तो उठून उभा राहिला.

"कार्ड कवा संपलं, भावजी?"

"वैनी, ध्यानातनं गेलं. रस्त्याच्या कामात..."

"मी इचारलं तवा म्हाईत हुतं तुमाला."

हिंदुराव एकदम म्हणाला, "तुमी सांगायचं हुतं की वैनी, फोन कशाला पायजे ते! मला वाटलं, म्हातारपनाचा खेळ. शकू माजी पन पुतनी हाय. मला सांगितलं आसतं तर मी उपाशी ऱ्हाऊन भरलं आसतं!"

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच मुक्ताबाईला सगळ्यात जास्त झोंबलं. लेकीची अब्रू जाईल म्हणून तिनं ना दिराला सांगितलं होतं, ना कुसुमला. गावाच्या हसण्याखाली तिनं ते दाबून ठेवलं होतं. तिनं फोन त्याच्या ओट्यावर ठेवला आणि ती घरी आली. कुसुम दारात बसून छकुलीची वेणी घालत होती. मुक्ताबाई तिच्याशेजारी बसली आणि पहिल्यापासून सगळं बोलली.

गुढीपाडवा झाल्यावर श्रीधर आला. बरोबर त्याचे चुलते, आणि धायरीच्या भावकीतले आप्पासाहेब. पडवीत घोंगडी अंथरली. श्रीधरनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "रागाच्या भरात झालं. आई, तुम्ही मला काय हवं ते बोला."

मुक्ताबाई चुलीपाशी बसली होती. पोर काय म्हणेल हे तिला ठाऊक नव्हतं. महिनाभरात शकू धड चार वाक्यं बोलली नव्हती. दोनदा रात्री उठून ती छकुलीच्या कपड्यांची घडी घालताना दिसली होती.

"शकू, पोरी," आप्पासाहेब म्हणाले, "मानूस चुकतो. मानूस कबूल करतोय. लेकराकडं बघ."

श्रीधरनं पिशवीतनं एक चकचकीत खोका काढला आणि शकूपुढं ठेवला. "नवा मोबाईल आहे. तुझ्या नावावर. आईशी बोलता येत नव्हतं ना तुला? आता रोज बोल. कुलूप नाही, कपाट नाही." मग तो वडीलधाऱ्यांकडं बघून हसला. "आणि मलाही कामावर बरं. तासा-तासाला फोन करीन, ठीक आहे ना म्हणून. जिवाला घोर नको."

चुलत्यांनी मान डोलावली. आप्पासाहेब "बघ बरं," म्हणाले.

शकू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हात अजून पांढऱ्या प्लास्टरात.

"तासा-तासाला?" तिनं विचारलं.

"हो. काळजीनं गं."

"आन मी न्हाय उचलला तर?"

"का नाही उचलणार?" श्रीधर म्हणाला.

आवाज तसाच मऊ होता. चेहऱ्यावरचं हसूही तसंच होतं. पण आप्पासाहेबांनी तोंडाशी नेलेली कपबशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच त्या जावयाकडं नीट पाहिलं.

शकू खाली बसली. चांगल्या हातानं तिनं खोका उचलला आणि घोंगडीवर त्याच्यापुढं सरकवला.

"मी येत न्हाय."

"हे बघ, चार लोकांसमोर..."

"चार लोकांसमूरच सांगते. मी येत न्हाय."

चुलत्यांचा आवाज चढला, नंतर श्रीधरचाही, आणि तो चढलेला आवाज भावकीनं पहिल्यांदाच ऐकला. शेवटी ते उठले. खोका त्यांच्याबरोबर गेला.

आप्पासाहेब मागं रेंगाळले. पायात वहाणा सरकवत म्हणाले, "पोरी, तुजं चूक हाय आसं म्हनत न्हाय मी. पन सगळा जलम जायचाय अजून."

"जाऊ द्या की काका," शकू म्हणाली. "हितं जाईल."

मग ती आत गेली, छकुलीला उठवलं, आणि मायलेकी-नात तिघी संध्याकाळच्या मेथीला रानात निघाल्या. शकूला एका हातानं जुडी बांधता येत नव्हती. ती उपटायची, छकुली माती झाडायची, आणि मुक्ताबाई आवळायची.